देऊळ आणि जंगल एकाच सहलीत : तुमचे अनुभव सांगा

मागच्या आठवड्यात पन्ना आणि खजुराहो करून पुण्याला परतलो. सतरा जणांचा ग्रुप, बरोबर टूर लीडर. आमच्या घरचे चौघे होतो. सासूबाई 74 वर्षांच्या आणि मुलगा नववीत. निघायच्या आधीच घरात दोन तट पडले होते. मुलाला फक्त वाघ बघायचा होता आणि सासूबाईंना फक्त देवळं. एकाने गाडीत बसून राहायचं आणि दुसऱ्याने फिरायचं, असंच काहीतरी होणार या धास्तीने मी निघाले होते.

खजुराहोच्या स्थानिक गाइडने पहिल्या सकाळी मोठं देऊळ दाखवलंच नाही. आधी नेलं वराहाच्या छोट्या मंडपात. अखंड दगडातला वराह, अंगावर साडेसहाशेहून जास्त कोरीव मूर्ती. "आधी लांबून बघा, मग जवळ या, मग नाकाकडे बघा," असं त्याने सांगितलं. नाकाशी वीणा घेतलेली सरस्वती आहे. ती माझ्या मुलाने सगळ्यांच्या आधी शोधली. त्यानंतर लक्ष्मण मंदिराच्या जोत्यावरची हत्ती-घोड्यांची मिरवणूक आणि शिकारीचे प्रसंग तो स्वतःहून मोजत फिरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मडला गेटमधून पन्नाच्या जंगलात गेलो. धुक्यात एक रानडुकरीण आठ-नऊ पिल्लं घेऊन रस्ता ओलांडत होती. जिप्सीतलं कुणीतरी म्हणालं, "डुक्कर आहे, चला पुढे." सासूबाईंनी हात जोडले. "कालचा तो हाच की रे," म्हणाल्या. ड्रायव्हरने गाडी बंद केली आणि शेवटचं पिल्लू झुडपात जाईपर्यंत सुरूच केली नाही.

तीन सफाऱ्यांत वाघ दिसला नाही. पण वाळूतल्या ताज्या ठशांपाशी थांबून आमच्या निसर्ग-गाइडने पन्नाची हकिगत सांगितली. 2009 साली इथे एकही वाघ उरला नव्हता. बांधवगड आणि कान्हामधून वाघिणी आणल्या, पेंचमधून टी-3 हा नर आणला. तो थोड्याच दिवसांत दक्षिणेला, आपल्या पेंचच्या दिशेने चालू लागला. वनखात्याची माणसं हत्ती घेऊन महिनाभर त्याच्या मागे होती. शेवटी बेशुद्ध करून परत आणला. एप्रिल 2010 मध्ये पहिली पिल्लं झाली. आज जे वाघ आहेत ते त्या धडपडीतून आलेत. मुलगा हे ऐकताना ठशांवरून नजर काढत नव्हता. घरी आल्यापासून तो वाघ न दिसल्याबद्दल काही बोलत नाही, टी-3 घराकडे कसा वळला असेल हेच विचारतो.

म्हणून हा धागा. अशा जोडसहलीत कुणी तुम्हाला काय दाखवलं, जे एकट्याने गेला असता तर निसटलं असतं? जे बिनसलं तेही लिहा. फक्त कंपन्यांची नावं नकोत.

*

सदाशिव पेठ. बँकेतून निवृत्त झालो त्या वर्षी आम्ही दोघं आसामला गेलो होतो. कामाख्या, काझीरंगा, माजुली, शिवसागर असा नऊ दिवसांचा कार्यक्रम. गेंडा पाहिला, अगदी जवळून. कोहोराच्या बाजूला एका गेंड्यासाठी पंचवीस मिनिटं थांबलो. गेंडे ठरलेल्या जागी परत परत शेण टाकतात, त्याचे मोठे ढीग होतात आणि त्या वासातून इतर गेंड्यांना कळतं की इथून कोण गेलं. हे गाइडने सांगितलं तेव्हा समोरच एक तसा ढीग होता. 2022 च्या गणनेत काझीरंग्यात 2,613 गेंडे मोजले गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते अगदी मोजके उरले होते.

पण मला लिहायचंय ते वेगळं. गुवाहाटीत ब्रह्मपुत्रेच्या काठावर आमच्या आसामी गाइडने विचारलं, "तुम्ही पुण्याचे ना? मग लाचित तुम्हाला माहीत असणार." आमच्या ग्रुपमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. खडकवासल्याच्या एनडीएमध्ये सर्वोत्तम कॅडेटला जे सुवर्णपदक देतात ते लाचित बरफुकन या आसामच्या आहोम सेनापतीच्या नावाचं आहे. मी तीस वर्षं त्या रस्त्याने सिंहगडावर जातोय.

मग त्याने सराईघाटची लढाई सांगितली. 1671, याच नदीवर. समोर मोगलांचा सेनापती रामसिंग. हा रामसिंग म्हणजे मिर्झाराजे जयसिंगाचा मुलगा, आग्र्यात शिवाजी महाराज ज्याच्या जबाबदारीवर होते तोच. पुरंदरचा तह आणि आग्र्याची सुटका शाळेपासून पाठ असलेल्या आम्हा सगळ्यांना त्या माणसाचं पुढे काय झालं हे काठावर उभं राहून कळलं. आमच्यातल्या एका काकूंना रडू आलं. ते अगदी समजण्यासारखं होतं.

माजुली बेटावरच्या नामघरात, म्हणजे प्रार्थनागृहात, संध्याकाळी मोठमोठे टाळ घेऊन भजन चालू होतं. त्या टाळांना भोरताल म्हणतात. आळंदीला वाढलेल्या माणसाला तिथे शब्द कळत नाहीत, पण बसायचं कुठे आणि मान कधी डोलवायची ते आपोआप कळतं. सामागुरी सत्रात, म्हणजे तिथल्या वैष्णव मठात, बांबू, माती, शेण आणि कापडाचे मुखवटे करतात. तिथे आम्हाला फक्त चाळीस मिनिटं दिली होती. माझी तक्रार एवढीच.

*

बाणेर. माझा अनुभव चांगला नाही, तरी लिहितो. रणथंबोर, वीस जणांचा कँटर, म्हणजे उघडी सफारी बस. आत शिरल्यावर पंधरा मिनिटांत दुसऱ्या गाडीकडून वाघाची खबर आली आणि मग जे सुटलो! मागच्या बाकावरच्या आजोबांची पाठ धरली. पोचलो तेव्हा अकरा गाड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि वाघीण उठून निघून गेली होती. तिला वाट मिळावी म्हणून एकाही गाडीने मागे घेतलं नाही. मला त्याचा अजून राग आहे. आपण पैसे भरतो म्हणून आपणही त्यात सामील असतो. दुसऱ्या दिवशी मी टूर लीडरला सांगितलं की आमचा कँटर पळवू नका, आम्हाला वाघ नाही दिसला तरी चालेल. पाचजणांनी हात वर केले, बाकीच्यांनी नाही. झालं.

संध्याकाळी किल्ल्यावर त्रिनेत्र गणेशाला गेलो. लोक लग्नाची पहिली पत्रिका पोस्टाने या गणपतीला पाठवतात. पुजारी त्या वाचून दाखवतात म्हणे. 1301 मध्ये अलाउद्दीन खिलजीने घेतलेला हा किल्ला, हमीरदेवाचा. वरून तलावाकडे बघताना पाण्यात सांबरं उतरलेली दिसली. सहलीत शांतपणे पाहिलेलं तेवढंच.

*

मी इंदापूर तालुक्यातली, आता हडपसरला असते. शाळेत शिकवते. आमच्या सोसायटीने एक दिवसाची सहल काढली होती. पहाटे भिगवणला पक्षी, दुपारी उजनी धरणाच्या पाण्यात बुडणारं पळसदेवचं मंदिर. पुण्याहून शंभर किलोमीटर. बसमधल्या सगळ्यांसाठी ते नवं ठिकाण होतं. माझ्यासाठी ते आजोळ होतं.

उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. भीमेच्या काठची गावं उठली, त्यात आजीचं घर गेलं. लहानपणी ती पाण्याकडे बोट करून म्हणायची, "तिथं आपली चिंच." मला कधीच काही दिसलं नाही. त्याच फुगवट्याच्या उथळ पाण्यात रोहित येऊ लागले, पट्टेरी राजहंस हिमालय ओलांडून येऊ लागले, आणि मासेमारी करणारी माणसं नाव चालवता चालवता पक्ष्यांचे गाइड झाली. आमचा नाववाला तिशीतला. रोहित चोच उलटी पाण्यात घालून गाळ गाळून खातात, हे तो इतकं नीट सांगत होता की माझ्या वर्गात त्याला बोलवावंसं वाटलं. त्याने इंजिन लांबच बंद केलं आणि बांबूने नाव ढकलत नेली. तीनशेच्या आसपास रोहित होते. एकदम उडाले तेव्हा पंखांच्या खालचा तो लाल रंग दिसला आणि नावेत कुणी बोललंच नाही.

मग त्याने विचारलं, कुणाचं गाव इथलं आहे का. मी आजीच्या गावाचं नाव घेतलं. त्याने थोडा वेळ दिशा बघितली, नाव वळवली आणि एका जागी थांबवली. "साधारण इथं." बसमधल्या बाकीच्या बायकांनी त्या जागेवर पाण्यात झेंडूची फुलं सोडली. सकाळी देवासाठी म्हणून घेतली होती. सहल काढणाऱ्या बाईंनी वेळापत्रकाचा कागद पर्समध्ये ठेवून दिला, तो परत काढलाच नाही. पळसदेवला पोचायला आम्हाला दीड तास उशीर झाला.

*

वारजे. मी दुसऱ्या बाजूचा आहे. अकरा वर्षं अशा सहली घेऊन जातो, जास्त करून ताडोबा आणि चंद्रपूर. वरचं रणथंबोरचं वाचून वाईट वाटलं, कारण ते खरं आहे.

एका जिप्सीत सहा पर्यटक, एक ड्रायव्हर, एक स्थानिक गाइड. चोवीस जण म्हणजे चार गाड्या. एका गाडीला वाघ दिसतो, तीन गाड्यांना नाही. त्या रात्रीचं जेवण सगळ्यात अवघड. ज्यांनी पाहिला ते फोटो दाखवत असतात आणि बाकीचे ताटाकडे बघतात. पहिली काही वर्षं मीही ड्रायव्हरला "काही करून दाखव" म्हणायचो. आता म्हणत नाही. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवतो आणि वाघाची चाहूल देणारे प्राण्यांचे आवाज शिकवतो. चितळाचा इशारा कसा, वानराचा कसा, सांबर ओरडलं तर का जास्त विश्वास ठेवायचा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक गाडीने काय ऐकलं ते रात्री सांगायचं. ऐकलेलं सगळ्यांकडे असतं, त्यामुळे ताटाकडे बघणारं कुणी राहत नाही.

ताडोबा हे नाव तारू या गोंडांच्या देवावरून आलं. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे. हे मी जंगलात शिरण्याआधी सांगतो. आणि चंद्रपूर सफारीनंतर नव्हे, आधी दाखवतो. जटपुरा वेशीवरची हत्तीवर झेपावणारी सिंहाची आकृती, अंचलेश्वर, महाकाली, गोंड राजांच्या समाध्या. पूर्वी हे सगळं परतीच्या दिवशी ठेवायचो. पहाटे साडेतीनला उठलेली माणसं दुपारी बारा वाजता मंदिराच्या सावलीत झोपायची. दोष त्यांचा नव्हता, माझ्या आखणीचा होता.

कामाचं थोडं : ताडोबा मंगळवारी बंद असतं. ओळखपत्र मूळ लागतं, बुकिंगला दिलंय तेच. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्यात, मोबाईल नेऊ देत नाहीत, कॅमेरा चालतो. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीत थंडी हाडात शिरते, कानटोपी आणि जुनी शाल घ्या. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी मधलं बाक मागून घ्यावं, मागच्या बाकाला सगळ्यात जास्त दणके बसतात. स्थानिक गाइडचे पैसे ठरलेले असतात. त्यावर काही द्यायचं तर गाडी थांबल्यावर त्याच्या हातात द्या, "आधी वाघ दाखव मग देतो" असं बोलू नका. तिथूनच गाड्या पळायला लागतात.

*

सहकारनगर. वडिलांची नजर जवळजवळ गेली आहे. उजेड आणि मोठे आकार कळतात, बाकी नाही. त्यांना आग्रा, फत्तेपूर सिक्री आणि भरतपूरच्या सहलीला घेऊन गेलो तेव्हा नातेवाइकांनी तोंडावर विचारलं होतं, त्यांना काय दिसणार?

भरतपूरला केवलादेव उद्यानात सायकलरिक्षा होत्या आणि रिक्षावालेच पक्षी दाखवत होते. आमचे सरदारजी साठीचे होते. बाबांची अडचण सांगितल्यावर त्यांनी मला मागच्या रिक्षात बसवलं आणि बाबांना एकट्याला आपल्या रिक्षात घेतलं. मग दर थोड्या अंतरावर थांबून नुसते कान द्यायला सांगायचे. रंगीत करकोच्यांच्या वसाहतीत पिल्लांचा कलकलाट, पाणकावळ्यांची घरघर, झाडाच्या ढोलीतला पिंगळा. सारसांची जोडी ओरडली तेव्हा सरदारजी म्हणाले, एकाच पक्ष्याचा वाटतो, पण दोघांचा आहे, पुन्हा ऐका. बाबांनी तिसऱ्या वेळी दोन आवाज वेगळे काढले. त्यांचा चेहरा मला मागून दिसत नव्हता, पण त्यांनी मांडीवर थाप मारली ती दिसली.

आत केवलादेवाचं शंकराचं देऊळ आहे, उद्यानाला नाव त्यावरूनच. जवळच दगडावर जुन्या शिकारींचे आकडे कोरलेत. 1938 मध्ये एका दिवसात 4,273 पक्षी मारले होते. बाबांनी अक्षरांवरून बोटं फिरवली आणि तो आकडा स्वतः वाचला. सायबेरियन क्रौंच इथे शेवटचे 2002 मध्ये दिसले. ते ऐकून बाबा बराच वेळ तिथेच उभे राहिले. आमचा ग्रुप पुढे गेला होता आणि टूर लीडर आमच्यासाठी थांबला, घाई न करता.

*

धागा काढणारी परत आले. सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. पाण्यात सोडलेली फुलं त्यांनी दोनदा वाचायला लावली. इंदापूरच्या ताई, आम्हाला फेब्रुवारीत भिगवणला यायचंय. पळसदेवचं देऊळ तेव्हा दिसेल का? आणि सासूबाईंना नावेत चढता येईल ना?

*

ताई, फेब्रुवारीत पक्षी भरपूर असतात, पण पाणीही भरपूर असतं. देऊळ पूर्ण दिसायला उन्हाळ्यात पाणी खूप खाली जावं लागतं, तेव्हा पायऱ्यांपर्यंत चालत जाता येतं. नावेत चढायला नाववाले खुर्ची धरतात, आजींना काही त्रास होणार नाही. पहाटे सहाला काठावर पोचा, ऊन चढलं की रोहित आत सरकतात. आणि पाणी उतरलं तर मे महिन्यात देवळासाठी पुन्हा या, मी तेव्हा सुट्टीत गावीच असते.