छोटा लॅपटॉप, दोन सिस्टिम: घरच्या ग्रुपवरची चर्चा

ताई: मंडळी, लेकाचा जुना छोटा लॅपटॉप आहे. रॅम ४ जीबी, डिस्क १२८ जीबी. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि ११ घ्यायला तो नाही म्हणतो. लिनक्स (विंडोजसारखीच, पण मोफत सिस्टिम) टाकायचंय, पण विंडोजही ठेवायचंय. त्याचं एक सॉफ्टवेअर फक्त त्यातच चालतं. कुठलं टाकू?

मामा: लिनक्समधलं उबुंटू. डोळे झाकून टाक.

मी: मामा, उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप ४ जीबीत रडवतो. ताई, लिनक्स मिंट २२ घे, त्यातली एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती. आतून उबुंटू २४.०४ च आहे, अपडेट २०२९ पर्यंत येतील. लुबुंटू आणखी हलकं आहे, पण दिसायला मिंट विंडोजच्या जवळचं, लेकाला परकं वाटणार नाही. बाकी रॅम खातो तो ब्राउझर. वीस टॅब उघडले तर कुठलंही लिनक्स घेतलंस तरी अडकणारच.

काका: माझ्या नेटबुकवर पेनड्राइव्ह बूटच होत नाही रे, म्हणजे त्यावरून लिनक्स सुरूच होत नाही.

मी: काका, अ‍ॅटम प्रोसेसरचं आहे का? त्यातल्या काहींत प्रोसेसर ६४-बिट आणि यूईएफआय (मशीन चालू होताना सिस्टिम उठवणारं आतलं सॉफ्टवेअर) ३२-बिट असतं. उबुंटूचा पेनड्राइव्ह तिथे चालत नाही. डेबियन १२ (तेही लिनक्सच) चा ६४-बिट इन्स्टॉलर वापरून बघा.

ताई: अरे माझं राहिलं. आज रात्री बसते, पेनड्राइव्ह तयार आहे.

मी: थांब. कुठलं घ्यायचं हा सोपा भाग झाला, खरं काम विंडोजमध्येच आहे. आधी फोटो-कागदपत्रं बाहेर कॉपी कर. मग सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का बघ. चालू असेल तर रिकव्हरी की शोध, ४८ आकडी असते, बहुतेक मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती कागदावर उतरवून ठेव, मग एन्क्रिप्शन बंद कर. बूटमध्ये काही बदललं की विंडोज तीच की मागतं, आणि नसेल तर डेटावर पाणी.

मामा: एवढा कुटाणा कशाला? इन्स्टॉलर स्वतःच जागा करून देतो की.

मी: देतो मामा. पण विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा भाग, विंडोजनेच लहान केलेलं बरं, आतल्या फाइली कुठे बसल्यात ते त्याला माहीत असतं. ताई, डिस्क मॅनेजमेंट उघड, सी ड्राइव्हवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम.

ताई: स्क्रीनशॉट टाकलाय. मोकळी ४८ जीबी दिसते आणि श्रिंक करायला देतो फक्त ३! हे काय?

मी: नेहमीचंच. हायबरनेशनची (झोपताना चालू काम साठवायची) फाइल, पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची), रिस्टोअर पॉइंट (मागच्या स्थितीत परतायची नोंद) यांना ते टूल हलवत नाही. त्यातली एखादी पार्टिशनच्या शेवटाकडे बसली असेल तर तिच्या अलीकडे कापता येत नाही, मग आत कितीही मोकळं असो. हायबरनेशन बंद कर, म्हणजे फास्ट स्टार्टअपही आपोआप जाईल. ते तसंही नकोच. शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर धड लिहिता येत नाही. सिस्टिम रिस्टोअर आणि पेजफाइल तात्पुरती बंद कर, रीस्टार्ट करून पुन्हा बघ.

ताई: आता ३९ देतोय!! सगळे घेऊ?

मी: नको, ३० घे. मिंटला किमान २० लागतात, आणि विंडोजला श्वास घ्यायला जागा ठेव. मोकळी झालेली जागा तशीच सोड, फॉरमॅट करू नकोस. पेजफाइल परत चालू कर.

मामा: आणि सेक्युअर बूट, ते अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारं, बंद करायला सांग तिला.

मी: मिंटला गरज नाही मामा. फक्त आयएसओ (पेनड्राइव्हवर टाकायची इन्स्टॉलची फाइल) ताजी हवी. ऑगस्ट २०२४ च्या एका विंडोज अपडेटने जुने बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारे छोटे प्रोग्राम) अडवले आणि काही जणांचं शेजारचं लिनक्स उठेना.

वहिनी: माझ्याकडे दोन्ही आहेत, विंडोजमध्ये गेलं की घड्याळ चुकतं. ते का?

मी: वहिनी, मदरबोर्डवरचं घड्याळ विंडोज स्थानिक वेळेत वाचतं, लिनक्स यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगायचं, एका कमांडचं काम आहे. पाठवतो.

ताई, इन्स्टॉलरमध्ये ‘इरेज डिस्क’ दिसेल, त्याकडे बघूही नकोस. विंडोजच्या शेजारी टाकायचा पर्याय निवड. पार्टिशन हाताने करायची वेळ आली तर छोटं ईएफआय पार्टिशन असेल, तेच वापरायचं, फॉरमॅट करायचं नाही. त्यावर विंडोजचा बूटलोडर आहे.

ताई: बरं. रिकव्हरी की ह्यांच्या खात्यात निघाली, लिहून घेतली. पेनड्राइव्हवरून मिंट उघडलंय, अजून इन्स्टॉल केलं नाही. वायफाय, टचपॅड चालतंय. आवाज मात्र येत नाहीये.

मी: मग आज इन्स्टॉलच्या आयकॉनला हात लावू नकोस. छोट्या लॅपटॉपात साउंडची चिप बऱ्याचदा अडते. मॉडेल नंबर पाठव, नव्या कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) सुटतं का बघतो.