मदत हवी आहे: प्रूफ नाण्याच्या फोटोत नाण्याऐवजी माझा मोबाईलच दिसतोय

मंडळी, जरा हात द्या.

बाबांनी जमवलेल्या स्मारक नाण्यांची फोटोंसकट यादी करतोय. चलनात फिरून आलेली नाणी झकास येतात. १९९९चं शिवाजी महाराजांचं अकराकोनी दोन रुपयांचं नाणं खिडकीत ठेवून टिपलं, तर सालाखालची मुंबई टांकसाळीची चौकटीसारखी खूणही स्वच्छ दिसली. (यादीत ती खूण हवीच. हैदराबादचा तारा, नोएडाचं टिंब, कोलकात्याला काहीच नाही.)

घोडं अडलंय प्रूफ नाण्यापाशी (म्हणजे संग्राहकांसाठी खास चकाकी देऊन पाडलेलं नाणं). मे २०२३मध्ये नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला ७५ रुपयांचं निघालं होतं, ते. ४४ मिलिमीटर व्यास, ३५ ग्रॅम वजन, निम्मी चांदी. नुसत्या डोळ्यांना पार्श्वभूमी आरशासारखी दिसते आणि त्यावरचे अशोकस्तंभाचे सिंह दुधाळ, पिठीसाखर भुरभुरल्यासारखे. फोटोत मात्र सिंहांच्या दोन्ही बाजूंना माझ्या मोबाईलचे कॅमेरे आणि बोटांवरची हळद! मग थर्माकोलचा डबा केला, बटर पेपर लावला, दोन टेबल लॅम्प आणले. आता अख्खं नाणं ताकासारखं पांढरं येतंय.

कॅप्सूल (नाण्याची पारदर्शक प्लास्टिकची डबी) उघडायची का? आम्ही रत्नागिरीत, इथली हवा तुम्हाला माहीतच आहे.

जाता जाता दुसरा प्रश्न: गांधी जन्मशताब्दीचं, १९६९चं दहा रुपयांचं चांदीचं नाणं आई दर लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडायची. अक्षरांच्या फटींत कुंकू बसलंय. मावशी म्हणते, चांदीच्या पावडरने घास. घासू का?

भिंगवाला: आधी मावशींना थांबवा! घासलेल्या नाण्याची मूळ झळाळी परत येत नाही आणि बारीक ओरखडे जन्मभर राहतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, मग मऊ कापडाने नुसतं टिपा. तेवढ्याने कुंकू निघालं नाही तर राहू द्या.

फोटोचं म्हणाल, तर पांढरा डबाच नडतोय. आरसा काहीतरी दाखवणारच, मग त्याला काळं दाखवा. काळ्या कार्डपेपरला लेन्सपुरतं भोक पाडून तो मोबाईलला चिकटवा. लॅम्प एकच, बाजूने आणि कमी उंचीवरून, म्हणजे उजेड दुधाळ भागावर पडेल आणि सपाट भागावरून पलीकडे निघून जाईल. अगदी जवळ जाऊ नका, मोबाईलची सावली पडते. वीतभर वर धरून दुप्पट झूम करा, टायमर लावा.

जुनाखुर्दा: कॅप्सूल पावसाळ्यात उघडू नका. कोरड्या दिवशी, खाली घडी घातलेला टॉवेल, नाणं फक्त कडेला धरायचं. आणि वर बोलायचं नाही! थुंकीचा एक थेंब उडाला की त्या आरशावर कायमचा डाग. माझ्या एका नाण्यावर आहे, रोज बघतो.

धागाकर्ता: जमलं! लग्नपत्रिकेचं काळं पाकीट कामी आलं. सिंह पांढरे, मागे मिट्ट काळं, 'सत्यमेव जयते' वाचता येतंय. मावशीही थांबली आहे, रागावून. फक्त उजव्या कडेला एक पांढरा पट्टा येतोय, लॅम्प कुठेही ठेवला तरी.

भिंगवाला: खोलीतली ट्यूब बंद करा.

धागाकर्ता: …केली. धन्यवाद.