सोन्याची नाणी नुसती पिशवीत हलवून सोनं निघायचं??

कुतूहल२२:
कडा कातरून सोनं चोरायचे हे माहितीये, पण नाणी पिशवीत घालून नुसती हलवायची आणि त्यातून सोनं काढायचं हे आत्ताच वाचलं. खरंच निघायचं का? आणि कडेला दाते पाडायला लागल्यावर हे बंद नाही का पडलं?

नाणेवेडा:
निघायचं की. चामड्याच्या पिशवीत गिन्न्या भरायच्या आणि तासन्‌तास हलवत बसायचं, नाणी एकमेकांवर घासून बारीक भुकटी चामड्याला चिकटते, मग नाणी परत बाजारात चालवायची, पिशवी जाळायची आणि राखेतलं सोनं मुशीत वितळवून घ्यायचं. दात्यांचं म्हणशील तर तो इलाज कातरण्यावरचा. कड कापली की दाते जातात, लगेच दिसतं. पिशवीत मात्र नाणं सगळीकडून सारखं झिजतं, दाते जागच्या जागी राहतात फक्त बोथट होतात, नाण्यावरच्या राणीच्या चित्रातले केस जरा सपाट दिसतात आणि लोकांना वाटतं जुनं नाणं असेल.

हिशोबी:
पण परवडायचं का हे? ब्रिटिश सॉव्हरिन (एक पौंडाचं सोन्याचं नाणं) 7.988 ग्रॅमचं, आणि तिथल्या 1870 च्या नाण्यांच्या कायद्यात चलनात चालायला किमान वजन साधारण 7.938 ग्रॅम. म्हणजे कोऱ्या नाण्यातून फार तर 0.05 ग्रॅम काढता येणार. शंभर नाण्यांमागे 5 ग्रॅम, ते पण 22 कॅरेटचं, म्हणजे पाऊण नाणं पण नाही! ज्याच्या हातातून रोज ढीगभर नाणी जातात त्यालाच जमणार हे, बाकीच्यांनी उगाच हात कशाला दुखवायचे.

नाणेवेडा:
बरोबर, पण मर्यादा पाळतंय कोण? समोरचा वजन करत नसेल तर त्याच्याखाली गेलं तरी खपतं. ज्यांना घाई असायची ते सरळ कानस चालवायचे. 1760 च्या दशकात इंग्लंडात यॉर्कशरमधल्या क्रॅग व्हेल गावची टोळी बघ, गिन्न्यांच्या कडा कातरायच्या, कानशीनं परत दाते पाडायचे आणि जमलेल्या सोन्यातून खोटी पोर्तुगीज नाणी पाडायची (तेव्हा तिकडे पोर्तुगीज सोनं पण चालायचं). आसपासचे लोक आपल्या गिन्न्या त्यांना वापरायला द्यायचे आणि वाटा घ्यायचे, मग तक्रार कोण करणार? शेवटी मागावर असलेल्या सरकारी अधिकाऱ्याचा, विल्यम डायटनचा, 1769 मध्ये खून झाला. म्होरक्या डेव्हिड हार्टली, लोक त्याला किंग डेव्हिड म्हणायचे, 1770 मध्ये यॉर्कला फासावर गेला.

कुतूहल२२:
बापरे. आणि हलकं नाणं ज्याच्याकडे सापडेल त्याचं काय व्हायचं, तो पण चोर?

जुना_मेंबर:
चोर नाही, पण भुर्दंड त्याच्याच गळ्यात. 1870 च्या त्याच कायद्यात होतं की हलकं सोन्याचं नाणं कोणी दिलं तर घेणाऱ्यानं ते कापायचं आणि तोटा देणाऱ्याचा. घासलं भलत्यानंच आणि भरायचं यानं, हे मला तरी अन्यायाचं वाटतं. 1891 च्या कायद्यानंतर हलक्या नाण्याची पूर्ण किंमत मिळायला लागली, पण वापरून आपोआप झिजलेलं असेल तरच, मुद्दाम घासलेल्याची नाही.
दुकानदार म्हणून खिशात मावणारा छोटा तराजू ठेवायचे. त्यात नाण्याच्या मापाची खाच असायची. हलक्या धातूचं खोटं नाणं वजन जमवायला जाड किंवा मोठं करावं लागतं, मग ते खाचेत बसत नाही. पिशवीत घासलेलं नाणं खाचेत आरामात बसतं, पण दांडी खाली जात नाही.