गावातल्या माणसाचं वजन वाढलं की दोष फक्त खाण्याचाच?

रानवारा:
गाव म्हणजे शुद्ध हवा असं आपण धरूनच चालतो, त्यामुळे तिथं कुणी जाड झालं की "कष्ट संपले, खाणं वाढलं" म्हणून विषय मिटवतो. चीनमधल्या हेनान प्रांतात २०१५ ते २०१७ मध्ये खेड्यांतल्या सुमारे ३९ हजार प्रौढांची पाहणी झाली, त्यात वर्षानुवर्षं जास्त प्रदूषित हवेत राहणाऱ्यांत लठ्ठपणा जास्त दिसला. पीएम २.५ म्हणजे हवेतले अतिशय बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात, अंगात आतून सूज धरते, मग इन्सुलिनचं काम बिघडतं आणि चरबी साठायला लागते. डॉक्टरांनी जेवणाबरोबर चुलीत काय जळतं हेही विचारायलाच हवं.

सरळरेघ:
नाही पटत. वजन एकदाच मोजलं, हवेचा अंदाज उपग्रहावरून काढला, यातून कारण कसं ठरणार? जिथं हवा खराब तिथं रस्ता, कारखाना, ट्रॅक्टर, पाकीटबंद खाणं सगळंच पोचलेलं असतं. आणि धुराने सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार, झालेला माणूस उलट खंगतो हो!

रानवारा:
खंगतो ते आजार बळावल्यावर, त्याआधीच्या वर्षांचं काय? बीजिंगमध्ये गाभण उंदरांच्या एका गटाला शहरातली हवा दिली, दुसऱ्याला गाळलेली, खाणं दोघांना तेच, आणि तीन आठवड्यांच्या आत शहरी हवेतल्या माद्या जास्त जड भरल्या. हा अभ्यास २०१६ चा. इथं ट्रॅक्टर कुठून आणणार?

सावली:
मी आरोग्य केंद्रात काम करते, माझी भीती वेगळी आहे. "हवेमुळे होतं" असं एकदा कानावर पडलं की लोक चालणं सोडतील, गोड खाणं चालूच ठेवतील. परिणाम असला तरी आहाराच्या मानाने छोटाच असणार ना.

रानवारा:
सावलीताई, एका माणसापुरता छोटा, मान्य. पण जेवण कमी करता येतं, श्वास नाही, आणि ती हवा गावातला प्रत्येक जण घेतो. शेतात काडीकचरा पेटवतात, खतातला अमोनिया हवेत जाऊन त्याचेही बारीक कण तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची शिफारस केलेली वार्षिक मर्यादा घनमीटर हवेमागे १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली, ती खेड्यांनाही लागू आहे.

सरळरेघ:
मग त्याच माणसांचं वजन दहा वर्षं मोजा, स्वयंपाकघरात हवेचं मीटर लावा, नंतर बोलू.

रानवारा:
मोजाच, मलाही ते हवंय. पण धुराने हृदय आणि फुप्फुसं बिघडतात याबद्दल तर तुमचंही दुमत नाही, मग चूल बदलायला दहा वर्षं कशाला थांबायचं?