आईच्या स्तनात कॅन्सरची गाठ, हर-टू ३+. डॉक्टर म्हणतात आधी केमो, मामा म्हणतो आधी ऑपरेशन. कुणाचं ऐकायचं?

कोयनेची_लेक

नमस्कार मंडळी. एरवी इथे नुसती वाचत असते, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. आई ५३ वर्षांची, कराडजवळ गावी असते, शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. डाव्या छातीत गाठ हाताला लागत होती पण दुखत नव्हती म्हणून बाईसाहेबांनी दिवाळीपासून कुणाला पत्ताच लागू दिला नाही, शेवटी मावशीच्या लक्षात आलं. मग मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सुईने तुकडा काढून बायोप्सी, सगळं झालं. रिपोर्टमध्ये लिहिलंय इन्व्हेझिव्ह कार्सिनोमा, ग्रेड ३, ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू ३+. गाठ साडेचार सेंटीमीटर, काखेतल्या गाठीतही निघालाय. पेट स्कॅनमध्ये बाकी कुठे काही नाही, एवढीच चांगली बातमी.

डॉक्टर म्हणतात आधी सहा केमो, त्याच्यासोबत हर-टूची इंजेक्शनं, आणि मग ऑपरेशन. इथेच घरात भांडण पेटलंय. मामा म्हणतो आग लागलेली वस्तू घरात ठेवून कुणी बसतं का, आधी काढून टाका, त्याच्या ऑफिसातल्या एका मॅडमचं आधी ऑपरेशन झालं आणि त्या आता ठणठणीत आहेत. बाबा गप्प. माझं डोकं चालत नाहीये. आणि अजून एक, पूर्ण स्तन काढावाच लागतो का? टाटाला न्यावं की इथेच करावं? खर्चाचं काय, आमची नुसती भुसार मालाची छोटी टपरी आहे. आणि सगळ्यात अवघड म्हणजे आईला अजून "कॅन्सर" हा शब्द सांगितलेला नाही, तिला वाटतंय गाठीत पू झालाय. ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी प्लीज सांगा.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजीत काम करते, औषधं ठरवणारी मी नाही हे आधीच सांगते, पण रिपोर्ट वाचता येतो म्हणून लिहिते.

हर-टू ३+ म्हणजे गाठीच्या पेशींवर एका प्रोटीनची भरमार आहे, त्याच्या जोरावर त्या भराभर वाढतात. २+ आलं असतं तर फिश नावाची अजून एक टेस्ट करून खात्री करावी लागली असती, ३+ ला ती गरज नसते. ऐकायला भीतीदायक आहे पण ह्याच प्रोटीनला जाऊन चिकटणारं औषध आहे, ट्रॅस्टुझुमॅब. अमेरिकेत १९९८ ला मंजूर झालं. त्याच्या आधी हर-टू पॉझिटिव्ह म्हटलं की डॉक्टरांचे चेहरे पडायचे, आज तसं नाही. ईआर-पीआर निगेटिव्ह म्हणजे गाठ हार्मोनच्या जोरावर वाढणारी नाही, त्यामुळे टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोलसारख्या हार्मोनच्या गोळ्या तुमच्या आईला उपयोगाच्या नाहीत, त्यामुळे कुणी "आमच्या काकूंना तर नुसती रोज एक गोळी होती" म्हणालं तर त्यांचा आजार वेगळा होता एवढं लक्षात ठेवा.

आता मामांचं. ऑपरेशन हे छाती आणि काखेपुरतं असतं, केमो शिरेतून सगळ्या अंगात फिरते. काखेत पोचलेला आजार म्हणजे एखाद-दुसरी पेशी रक्तातून पुढे गेली असण्याची शक्यता धरावीच लागते, मग ती स्कॅनमध्ये दिसो न दिसो. आधी केमो म्हणजे त्या पेशींवर पहिल्या दिवसापासून औषध सुरू. "गाठ आत ठेवून बसलो" असं होतच नाही. दुसरं असं की गाठ आत असली की औषध लागू पडतंय का ते हाताला आणि सोनोग्राफीत कळतं. हर-टू पॉझिटिव्हमध्ये बऱ्याच जणींची गाठ एवढी विरते की ऑपरेशनच्या तुकड्यात आम्हाला मायक्रोस्कोपखाली एकही जिवंत पेशी सापडत नाही. तसं झालं तर ट्रॅस्टुझुमॅबच धरून एकूण एक वर्ष पूर्ण करतात. थोडा आजार उरला असेल तर औषध बदलून टी-डीएम१ (ट्रॅस्टुझुमॅबलाच केमोचं औषध जोडलेलं इंजेक्शन) देता येतं, आणि ह्याचा मोठा अभ्यास झालेला आहे, असा आजार उरलेल्या बायकांमध्ये तो परत येण्याचा धोका जवळपास निम्मा झाला. आधीच गाठ कापून टाकली तर उरला किती हे बघायलाच मिळत नाही.

मामांच्या ऑफिसातल्या मॅडमचंही चुकलं नसेल हां. गाठ छोटी असेल, काख साफ असेल तर आधी ऑपरेशन करतात. तुमच्या आईची गाठ तशी नाही, एवढाच फरक आहे.

एक गोष्ट मात्र आठवणीने विचारा, केमोआधी गाठीत मार्कर क्लिप, म्हणजे खुणेची बारीक धातूची क्लिप, टाकणार का. गाठ पूर्ण विरली तर सर्जनला नेमकी जागा कशी सापडणार? आणि बायोप्सीच्या लॅबमधून तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक आणि काचा (स्लाइड) मागून घ्या, रिपोर्टचा कागद पुरत नाही, दुसरीकडे दाखवायचं म्हटलं की सगळे आधी तेच मागतात.

गोदाताई

अगं बाळा, आधी एक ग्लास पाणी पी. मी स्वतः हर-टूवाली, नाशिकला ट्रीटमेंट झाली, आता फक्त चेकअपला जाते.

काचपट्टी ताईंनी सगळं नीट सांगितलंय, मी आईबद्दल बोलते. तिला सांगा. लवकर सांगा. केमोच्या कन्सेंटवर तिचीच सही लागणार, वॉर्डात शेजारच्या बेडवरची बाई पहिल्या दहा मिनिटांत विचारणार "तुमचा कुठला स्टेज", केस जाणार, मग काय पू झाल्यामुळे केस गेले सांगणार का? माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजी यायच्या, त्यांच्या मुलांनी असंच लपवलं होतं, त्या मला हळूच म्हणाल्या "मला ठाऊक आहे गं, पण पोरांना वाईट वाटेल म्हणून मी विचारत नाही." म्हणजे एकाच घरात सगळे एकमेकांपासून लपवत बसलेले! तुला तोंडाने बोलवत नसेल तर डॉक्टरांना सांग, तू आणि बाबा शेजारी बसा, डॉक्टर सांगतील. आणि स्तन ठेवायचा की काढायचा हे मामाने का ठरवायचं, तिच्या अंगाचा प्रश्न आहे.

त्याच्याबद्दल सांगायचं तर पूर्ण काढलाच पाहिजे असं काही नाही. मला पण वाटायचं सगळं काढलं की जास्त सेफ. माझ्या सर्जनबाईंनी मला सांगितलं की इटली आणि अमेरिकेत ह्याचे मोठे अभ्यास झालेत, २० वर्षांचे निकाल २००२ ला आले, नुसती गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका, आयुष्य दोन्हीकडे सारखंच. अर्थात गाठ किती आटते, किती जागी आहे, स्तनाचा आकार, ह्यावर ते ठरतं, आणि काखेत पॉझिटिव्ह असल्याने पूर्ण काढला तरी रेडिएशन बहुधा लागेलच. हल्ली छातीचं रेडिएशन पूर्वीसारखं पाच-सहा आठवडे नसतं, बऱ्याच ठिकाणी तीन आठवड्यांत उरकतं.

केमोचं थोडं प्रॅक्टिकल. ताप १००.४ च्या वर गेला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असला तरी हॉस्पिटल गाठायचं. पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात, साधं इन्फेक्शन जिवावर बेततं. थर्मामीटर नवीन घे, घरातला जुना चालतो का कुणाला माहीत. आईला शुगर आहे ना, मग आधीच सांगून ठेवा, केमोच्या आसपास स्टिरॉइड देतात आणि शुगर अशी काही उसळते की नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही, काही दिवस इन्सुलिन लागू शकतं, घाबरायचं नाही. दोन हर-टू इंजेक्शनं असतील तर जुलाब होतात, ओआरएस घरात हवंच. तोंड आलं की मीठ-खायचा सोडा कोमट पाण्यात घालून गुळण्या, तिखट बंद. मला तर पाण्याला पण खिळ्यासारखी चव लागायची, कोकमाचं सार तेवढं जायचं. मऊ भात, मुगाचं वरण, अंडं पूर्ण शिजवलेलं, आणि कच्ची कोशिंबीर, बाहेरचा उसाचा रस काही महिने विसरा.

निसर्गसेवक

बायोप्सी करून चूक केलीत, सुई लावली की कॅन्सर पसरतो. केमो म्हणजे विष. गव्हांकुराचा रस, गोमूत्र अर्क आणि साखर पूर्ण बंद, तीन महिन्यांत गाठ विरते. आमच्या ओळखीचे एक वैद्य आहेत, पर्सनल मेसेज करा.

काचपट्टी

@निसर्गसेवक, बायोप्सी झाली नसती तर हर-टू आहे हेच कळलं नसतं आणि मग कुठलं औषध द्यायचं? सुईने पसरतो म्हणून कुणी बायोप्सी टाळत नाही. @कोयनेची_लेक, कुठलाही काढा-अर्क-भस्म चालू करायचं असेल तर डॉक्टरांना विचारूनच, लिव्हरवर ताण आला तर पुढची केमो पुढे ढकलावी लागते आणि कारण शोधत बसावं लागतं.

गोदाताई

आणि मेसेज वगैरे करू नकोस त्यांना. मी गाठ विरायची वाट बघून बघून उशिरा आलेल्या बायका वॉर्डात पाहिल्यात, आता डिटेलमध्ये जात नाही.

बार्शीलाइट

मी पैशाचं आणि धावपळीचं सांगतो, आमच्या मिसेसच्या वेळी हेच डिपार्टमेंट माझ्याकडे होतं. रेशनकार्ड आहे ना? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसता. आता आयुष्मान भारतशी जोडलीय, घरटी वर्षाला ५ लाखांपर्यंत, २०२४ पासून पूर्वीचे दीड लाख गेले. हॉस्पिटल योजनेत असलं तर दाराजवळच आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या माणसाचं, टेबल असतं, आधी त्याच्याकडे जायचं, मग डॉक्टरकडे, ही माझी पद्धत. त्याला एकच गोष्ट धरून विचारा, ट्रॅस्टुझुमॅब पॅकेजमध्ये बसतं का आणि किती डोस. दुसरं इंजेक्शन, पर्टुझुमॅब, बऱ्याचदा तिथेच अडतं. खर्चाचा खरा डोंगर केमो नाही, ही वर्षभराची इंजेक्शनं आहेत. पण ट्रॅस्टुझुमॅबचं भारतीय बनावटीचं औषध २०१४ पासून मिळतं, मूळ कंपनीपेक्षा बरंच स्वस्त, तेच वापरतात सगळीकडे. छापील किमतीला कधीच घेऊ नका, हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये आणि बाहेर दोन ठिकाणी विचारा, फरक बघून डोळे फिरतील.

योजनेबाहेर राहिलेल्यासाठी मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, आणि ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर १० टक्के बेड निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. काउंटरवरचा माणूस बेड फुल आहेत म्हणतो, आम्हालाही एका ठिकाणी म्हणाला. तिथून हलायचं नाही, मेडिकल सोशल वर्करचं नाव विचारायचं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका, त्यावाचून सगळं लटकतं.

टाटा की गाव? आम्ही मधला रस्ता काढला. परळला टाटात जाऊन एकदा केस दाखवली, प्लॅन लिहून घेतला, आणि केमो बार्शीला नर्गिस दत्तमध्ये घेतली. तुम्हाला कराडहून मिरजेचं सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल किंवा कोल्हापूर जवळ पडेल. दर तीन आठवड्यांनी उलट्या होणाऱ्या बाईला मुंबईला नेणं-आणणं सोपं नाही. टाटानेच २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू केलंय, त्यातली हॉस्पिटलं एकाच गाइडलाइनने चालतात, जवळचं त्यात आहे का विचारून घ्या. टाटाला गेलात तर कोयना किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेसने दादरला उतरा, हॉस्पिटलकडून रेल्वे सवलतीचा फॉर्म सही-शिक्क्यासह घ्या, पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीला १०० टक्के, सोबतच्याला ७५ टक्के. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळला नाना पालकर स्मृती समिती, कागद दाखवावे लागतात, जागा मिळेलच असं नाही म्हणून आधी फोन करा. रात्री फुटपाथवर झोपलेली माणसं बघून हबकू नका, आम्ही हबकलो होतो.

आणि सगळ्या रिपोर्टची एक फाइल, तारखेप्रमाणे. मोबाइलमधले फोटो ऐनवेळी सापडत नाहीत.

कोयनेची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार. काचपट्टी ताईंचा रिप्लाय मामाला मोठ्याने वाचून दाखवला, तो म्हणाला "मग हे डॉक्टरनं असं का नाही सांगितलं" आणि गप्प बसला, म्हणजे पटलं असावं. आईला काल डॉक्टरांनीच सांगितलं. मी रडले, ती नाही रडली, तिने पहिलं विचारलं की केमोत दुकानात बसता येईल का. दाखल्याचा अर्ज टाकलाय. आता केमोच्या आधी टू-डी इको करायला सांगितलंय, तिला हार्टचा काहीच त्रास नाही मग कशाला? आणि पोर्ट म्हणून काहीतरी छातीत बसवायचं म्हणतायत, तो घ्यावा का?

काचपट्टी

इको ट्रॅस्टुझुमॅबसाठी. ते काही जणींच्या हृदयाचं पंपिंग थोडं कमी करतं, म्हणून आधीचा आकडा लागतो आणि मग साधारण दर तीन महिन्यांनी बघतात. कमी झालंच तर औषध थांबवतात आणि बहुतेकांचं परत वर येतं. रिपोर्टमध्ये एलव्हीईएफ शोधा, म्हणजे हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त पुढे ढकलतं तो आकडा, तो टक्का फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

गोदाताई

पोर्ट घ्या, कातडीखाली बसवायची छोटी डबी असते, तिच्यातून औषध थेट शिरेत जातं. वर्षभर शिरा शोधत सुया खायच्या का तिने? फक्त डाव्या बाजूला आजार आहे ना, मग पोर्ट उजवीकडे बसवणार का विचारून घे. आणि ऑपरेशननंतर डाव्या हाताला बीपीचा पट्टा, सलाइन काही लावू द्यायचं नाही, काखेतल्या गाठी काढल्या की हात सुजायची भीती असते. भिंतीवर बोटं चढवायचे व्यायाम फिजिओकडून शिकून घ्या, दुखतं म्हणून बायका टाळतात आणि मग खांदा आखडतो. दुकानाचं म्हणशील तर दुसऱ्या आठवड्यात गर्दीत बसवू नकोस, पेशी तेव्हाच सगळ्यात खाली असतात, तिसऱ्या आठवड्यात बसू दे गल्ल्यावर. तांदळाची पोती मात्र बाबांनी उचलायची.