मदत हवी आहे: निलगिरीची हवा बारा महिने राहायला कशी आहे, हे कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी,

परभणीहून लिहिते आहे. मला उटीला नोकरी मिळते आहे आणि लवकरच होकार कळवायचा आहे. घरात आम्ही दोघं, दम्याचा त्रास असलेला मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. नोकरी चांगली आहे, अडलंय ते हवेपाशी. ज्याला विचारावं तो म्हणतो, "स्वर्ग आहे, डोळे मिटून जा." पण हे सगळे मे महिन्यात चार दिवस फिरून आलेले. मला तिथला जुलै हवाय, नोव्हेंबर हवाय.

इथला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पारा ४२-४३ वर, रात्री झोपायच्या वेळीही भिंती तापलेल्या, कूलरला पाणी लागतं आणि पाणीच टँकरचं. मागच्या उन्हाळ्यात सासूबाईंना चक्कर येऊन सलाईन लावावं लागलं. तेव्हापासून माझ्या मनाने घेतलंय की त्यांना या काहिलीतून बाहेर काढायचं.

पण त्यांचे गुडघे थंडीत आखडतात. परभणीचा हिवाळा कडक असतो, पहाटे हुडहुडी भरते. तरी दहा वाजता ऊन ओट्यावर येतं, त्या उन्हात पाय पसरून बसतात आणि दुपारपर्यंत मोकळ्या होतात. तिथे हे ऊन मिळेल का?

वाचून जेवढं कळलं ते असं. उटी २,२४० मीटरवर, परभणी साधारण साडेतीनशेवर. हजार मीटर चढलं की सुमारे साडेसहा अंश उतरतात, म्हणजे निव्वळ उंचीनेच बारा अंशांचा फरक. या प्रकाराला उपोष्ण उच्चभूमी हवामान म्हणतात: सर्वांत उबदार महिन्याची सरासरी २२ अंशांच्या खाली, सर्वांत थंड महिन्याची १८ च्या खाली. मेक्सिको सिटी आणि अदिस अबाबा याच गटात येतात. कागदावर हे ऐकायला फार छान वाटतं.

माझा अविश्वास आहे तो सरासरीवर. पहाटे ५ आणि दुपारी २२ असलेला लख्ख उन्हाचा दिवस घ्या, आणि दिवसभर १३-१४ वर अडकलेला धुक्याचा दिवस घ्या. सरासरी दोन्हींची जवळपास एकच. सासूबाईंच्या गुडघ्यांना हे दोन दिवस एकच वाटतील का? मग बघायचं तरी काय? तिकडे संसार केलेल्या कुणी सांगितलं तर फार उपकार होतील.

प्रतिसाद

ताई, मी नांदेड जिल्ह्यातला. फौजेत असताना वेलिंग्टनला कुटुंबासह राहिलोय. वेलिंग्टन-कुन्नूर हा पट्टा उटीच्या चारशे मीटर खाली आहे आणि तेवढ्याने बराच फरक पडतो. डिसेंबर-जानेवारीत उटीला पहाटे गवतावरचं दव गोठतं, कुन्नूरला ते क्वचित.

जानेवारी ते मार्च म्हणजे सोनं. निळं आभाळ, कोरडी हवा, दुपारी स्वेटर उतरवावा असं ऊन. सासूबाईंना हवं ते ऊन तेव्हा भरपूर मिळेल. कसोटी लागते पावसात, आणि तिथे दोन पावसाळे आहेत. जून ते ऑगस्ट नैऋत्येकडून येणारा पाऊस उटीला झोडपतो. कुन्नूर पूर्वेच्या उतारावर, त्यामुळे तेव्हा बऱ्यापैकी आडोशाला असतं. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचा पाऊस येतो तो कुन्नूरवरच. नोव्हेंबर २००९ मध्ये दरडी कोसळून माणसं दगावली होती. घर बघताना मागची टेकडी नीट बघा, हे कळकळीने सांगतो.

घरातलं सांगायचं तर कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत. कपाटातल्या चपला-पट्ट्यांवर बुरशी धरते. दही लागत नाही. डाळीला कुकर हवाच, कारण उटीच्या उंचीवर पाणी ९२-९३ अंशांलाच उकळतं. ज्वारी गावाकडूनच न्या. आमच्या मंडळी पहिल्या पावसात रडकुंडीला आल्या होत्या. पुढे मात्र मे महिन्यात गावी चला म्हटलं की नको म्हणायच्या.

प्रतिसाद

मी मूळची लातूरची, हवामानशास्त्र शिकवते. तुमची सरासरीबद्दलची शंका अगदी बरोबर आहे. उटीत सर्वांत उबदार आणि सर्वांत थंड महिन्याच्या सरासरीत फरक जेमतेम चार-पाच अंशांचा. कोरड्या दिवसांत एकाच दिवसातला चढउतार त्याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे महिन्याचे आकडे बाजूला ठेवा आणि दिवसाचं कमाल, किमान आणि ऊन किती तास पडतं ते बघा. एकाच गटातली गावंही इथेच वेगळी पडतात.

आर्द्रतेचा टक्का बघून मात्र घाबरू नका. जुलैत उटीला तो ९० च्या वर दिसेल, पण गार हवेत बाष्प मावतंच कमी. १२ अंशांची पूर्ण संपृक्त, म्हणजे आणखी बाष्प मावणारच नाही अशी हवा घनमीटरमागे साधारण ११ ग्रॅम बाष्प धरते. २८ अंशांची, ७५ टक्केच आर्द्रतेची हवा २० ग्रॅम. म्हणून आपल्याकडची श्रावणातली चिकचिक तिथे नसते. यासाठी दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की दव धरू लागतं ते तापमान, हे माप चांगलं: १६ अंशांच्या खाली बहुतेकांना सुखाचं वाटतं, २१ च्या वर कोंदट. परभणीत पावसाळ्यात तो २१ च्या पुढेच असतो.

अडचण वेगळीच आहे. ती ओलसर हवा गार भिंतीला लागली की भिंत पाझरते आणि बुरशी येते. दम्याला बुरशी वाईट, त्यामुळे मुलासाठी गावापेक्षा घर महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंड हवामानात घरातलं तापमान किमान १८ अंश सांगितलंय, म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना त्याहून जास्त लागू शकतं. पावसाळ्यात ऊब नसलेल्या खोलीत तेवढं राहणार नाही. हीटरचं वीजबिल धरूनच पगाराचा हिशेब मांडा. आणि हवा गार म्हणून ऊन सौम्य समजू नका, हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. मुलाला टोपी घालाच.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. इतकं नेमकं आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तुमचं वाचताना एक गोष्ट लक्षात आली. तिथले सोन्याचे महिने आणि इथले जीव घेणारे महिने शेजारीशेजारी आहेत. मृगाचा पाऊस पडला की परभणी राहण्याजोगी होते आणि नेमकी तेव्हाच उटी ओलीगच्च. मग सासूबाईंनी जानेवारी ते मे आमच्याकडे राहावं आणि पाऊस लागला की दिरांकडे परभणीला यावं, असं का नको? त्यांना विचारलं तर लगेच म्हणाल्या, "पेरणीच्या वक्ताला मी घरीच बरी."

घर मी जुलैत जाऊनच बघणार. भिंतीला हात लावून, कपाट उघडून, वास घेऊन. कुन्नूरला राहून रोज उटीला घाटातून ये-जा करणं पावसात जमतं का, हेही तेव्हाच कळेल.

आता राहिला मुलगा. दमा असलेलं मूल घेऊन तिकडे दोन्ही पावसाळे काढलेलं कुणी इथे आहे का? त्रास कोणत्या महिन्यात वाढला आणि घरात काय केल्याने कमी झाला, एवढं कळलं तर होकार कळवायला मी मोकळी.