मदत हवी आहे: बाल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेम कोळून प्यायलेल्यांना डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ) टेबलावर कसं बसवावं?

खिडकीपाशी: रविवारी चौघांना घेऊन पाचवी आवृत्ती (२०१४चे नियम) सुरू करतोय, पहिल्या लेव्हलपासून. टेबलावर कोणीच खेळलेलं नाही. एकाला ड्रॅगन पाळायचाय, दुसरीची आठ पानी पूर्वकथा तयार आहे, तिसरा विचारतो, "मेलो तर सेव्ह लोड करता येईल ना?" उत्साहावर पाणी न ओतता यांना जमिनीवर कसं आणू?

तळटीप: सेशन झिरो (खेळाआधीची ठरवाठरवीची बैठक) घ्या, पण भाषण नको, आकडे दाखवा. त्या गेममध्ये स्किल चेकला (कौशल्य लागणाऱ्या कामासाठी टाकलेल्या वीस बाजूंच्या फाशाला) २० पडले की काम फत्ते. २०१४च्या नियमांत ते फक्त हल्ल्याला लागू. डीसी (गाठायचा आकडा) २५चं कुलूप आणि पात्राची भर +३ असेल, तर २० पडूनही बेरीज २३, कुलूप बंदच. म्हणून "राजाकडे मुकुट मागतो" अशा अशक्य गोष्टीला फासा टाकूच देऊ नका. टाकायला दिलात की शक्यता आहे असंच खेळाडू धरतो. मग २० पडल्यावर 'नाही' म्हणालात की वाद ठरलेला.

ड्रॅगनवाल्याला वॉरलॉक (जादू करणाऱ्या पात्राचा एक प्रकार) घ्यायला सांगा. तिसऱ्या लेव्हलला पॅक्ट ऑफ द चेन घेतला की स्यूडोड्रॅगन मिळतो. चिमुकला असतो, पण ड्रॅगन तो ड्रॅगनच!

पाटीपुस्तक: मरणाचं आधीच बोलून घ्या. कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४ असलेल्या विझार्डचे, म्हणजे जादूगाराचे, हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) पहिल्या लेव्हलला ८. गॉब्लिन या छोट्या राक्षसाचा वार १डी६+२ (सहा बाजूंचा एक फासा, अधिक २), म्हणजे दोन वारांत गडी बहुधा आडवा. शून्यावर गेला की डेथ सेव्ह, म्हणजे जगतो की मरतो याचा फासा: १० किंवा जास्त म्हणजे यश, तीन अपयशं आधी झाली तर खेळ खलास. बगबेअर हा त्याहून दांडगा राक्षस पहिल्या दिवशी आणूच नका. त्याचा क्रिट (हल्ल्याला २० पडल्यावरचा दुप्पट फाशांचा वार) ४डी८+२, सरासरी २०. शून्यानंतर उरलेलं डॅमेज कमाल हिट पॉइंटइतकं झालं की डेथ सेव्हही मिळत नाही.

पूर्वकथेतून तीनच गोष्टी मागा: काय हवंय, कशाची भीती आहे, गावात ओळखीचं कोण. '१०० लढाया जिंकलेली सेनापती' आणि ८ हिट पॉइंट हे जुळत नाही, एवढं सांगितलं तरी ती स्वतःच कात्री लावेल.

खिडकीपाशी: वॉरलॉकचं झकास! मग पहिल्या झटापटीला गॉब्लिन किती ठेवू? चार?

पाटीपुस्तक: चार नकोत. प्रत्येकी ५० एक्सपी (राक्षसाला हरवल्याचे गुण, यांवरून लढाई किती अवघड ते मोजतात), म्हणजे २००. संख्येमुळे दुप्पट धरायचे, ४००. चार नवख्या पात्रांसाठी हे 'डेडली'. तीन घेतले तरी ३००, 'हार्ड'. दोन ठेवा, आणि टेबल रंगात असेल तर तिसरा दुसऱ्या राउंडला झाडीतून सोडा.